तुम्ही विचारलंत म्हणून: वर गेल्यावर हवा बिघडली तर?

लहान विमान उडवते म्हटल्यावर जवळजवळ प्रत्येकजण विचारतो, वर असताना अचानक हवा बिघडली तर काय करता? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा नीट सांगते.

मागे फिरते. मात्र कधी फिरायचं, यातच सगळं आलं.

एका इंजिनाच्या चार आसनी विमानात हवेशी झुंजण्याची ताकद नसते. सेस्ना १७२ समुद्रसपाटीजवळ मिनिटाला साधारण ७०० फूट चढतं, आणि जसजसं वर जाल तसतसा हा वेग कमी होतो. गडगडाटी ढगातून कोसळणारी हवा त्याच्या कितीतरी पट वेगाने खाली येऊ शकते. इंजिन पूर्ण जोरात असूनही विमान खालीच जात राहतं. म्हणून अशा ढगापासून २० सागरी मैल तरी लांब राहायचं, हे मी कटाक्षाने पाळते. त्यातून सुटलेला गार वारा ढगाच्या बराच पुढे पोचतो. डोक्यावर स्वच्छ आकाश असतानाही धावपट्टीवर वाऱ्याची दिशा क्षणात फिरते.

तरी मला खरी धास्ती आहे ती उतरत जाणाऱ्या ढगांची. वादळ लांबूनच दिसतं. इथे ढगांचा तळ जरासा खाली येतो, आपणही जरा खाली येतो. क्षितिज धूसर होतं, पण खालचा रस्ता अजून दिसतोय, म्हणून पुढे जातो. असं दोन-तीनदा होतं आणि मग काचेबाहेर सगळं पांढरं. ‘अचानक’ बिघडलेली हवा बहुतेक वेळा अशी पायरीपायरीने आलेली असते.

आत शिरल्यावर शरीर दगा देतं. तोल सांभाळणाऱ्या, कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांना सावकाश सुरू झालेलं वळण कळतच नाही. कळलं तरी तेच वळण चालू राहिलं की थोड्याच वेळात आतला द्रव नलिकांच्याच गतीने फिरू लागतो आणि आपण सरळ चाललोय असं वाटतं. तेव्हा विमान खरोखर सरळ केलं तर उलट्या बाजूला कलल्याचा भास होतो, आणि हात त्याला पुन्हा पहिल्या वळणात नेतो. नाक खाली जातं, वेग वाढतो. घाबरून योक (विमानाचं हातातलं सुकाणू) ओढला की वळण आणखी आवळतं.

१९५४ साली इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांना, बाहेरचं काहीच दिसणार नाही अशा स्थितीत, विमान चालवायला दिलं. सगळ्यांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. हा आकडा वैमानिकांमध्ये फार सांगितला जातो. पण तो प्रयोग मुळात मागे वळण्याची सोपी पद्धत शिकवण्यासाठी होता, आणि ती शिकल्यावर जवळजवळ प्रत्येक वेळी ते सुखरूप वळले. हे मात्र फारसं कुणी सांगत नाही, याची मला खंत वाटते. नजर कृत्रिम क्षितिजावर (विमान किती कललंय, नाक वर की खाली हे दाखवणारं उपकरण), सेकंदाला ३ अंशांचं हलकं वळण, की मिनिटभरात तोंड आलेल्या दिशेला. नवशिक्याला हे घोटवून घेतलंच पाहिजे.

निघण्यापूर्वी मी तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) यांतला फरक बघते. दुपारच्या ढगांचा तळ दर अंशामागे साधारण ४०० फूट धरता येतो. संध्याकाळी हाच फरक दोन-तीन अंशांवर येऊन आणखी घटत असेल, तर धुकं धरणार समजायचं आणि निघायचंच नाही.

आणि वळायचं कधी, हे जमिनीवरच ठरवते. दृश्यमानता ८ किलोमीटरच्या खाली आली की फिरायचं. नियमांना साधारण ५ किलोमीटर चालतात, पण १०० नॉट (ताशी साधारण १८५ किलोमीटर) वेगाने ते अंतर दीड मिनिटाच्या आसपास संपतं, आणि त्यातलं एक मिनिट तर नुसतं वळायलाच लागतं. सोबत येणाऱ्यांनाही आधीच सांगून ठेवते: तिकडच्यांना पोचण्याची वेळ कळवू नका, आपण कदाचित परत येऊ.