चार वाजताचा फोन

कायाक म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी; तिच्या सहली आखणं आणि त्या घेऊन जाणं हे माझं काम. त्या दिवसाची आखणी मी तीन संध्याकाळी बसून केली होती. घोटाळा झाला तो एका आकड्यात. तो खोडायला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

सरोवर लांबुळकं, नऊ किलोमीटरचं, रुंदी कुठेही दीड किलोमीटरच्या वर नाही. दोन्ही बाजूंना डोंगर उभेच्या उभे पाण्यात उतरलेले. वरच्या टोकाला धबधबा, आणि तिथे पोचायला पाण्याशिवाय वाट नाही. गाडीरस्ता संपतो खालच्या टोकाला. फोनची रेंज त्याही आधी सात किलोमीटर, एका खिंडीत सुटते.

असं सरोवर नकाशावर पाहिलं की हात आपोआप मधोमध सरळ रेघ मारतो. माझ्या सहायकानेही मारली होती. मी ती खोडून काठाकाठाने वळणं घेत नेली. तो म्हणाला, "ताई, दोन किलोमीटर वाढतात." वाढू देत. पाण्याचं तापमान होतं ९ अंश. उलटलेला माणूस काठापासून शंभर मीटरवर असणं आणि सातशे मीटरवर असणं, यात सगळा फरक आहे. थंड पाण्याबद्दल आमच्याकडे १-१०-१ असा आडाखा शिकवतात. पहिलं एक मिनिट धाप लागते, तेव्हा फक्त श्वास सांभाळायचा. मग साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात. आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. लोक एक तास ऐकतात आणि निर्धास्त होतात. मला त्यातली दहा मिनिटं दिसतात, कारण बोटं चालेनाशी झाली की कायाकमध्ये परत चढता येत नाही.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. ऊन चढलं की डोंगरउतार तापतात, हवा वर सरकते आणि दरीच्या खालच्या टोकाकडून वर वारा वाहू लागतो. म्हणजे आम्हाला जाताना पाठीवर आणि येताना तोंडावर. पाठीवरचा वारा फार गोड बोलतो. आपण किती छान वल्हवतो असं वाटत राहतं, आणि परत वळल्यावर बिल येतं. म्हणून सकाळी सहाला पाण्यात, सव्वाअकरापर्यंत परत, असं ठरवलं. नवख्यांचा वेग ताशी चार किलोमीटर धरला. वाटेत थांबता येतील अशा तीन जागा नकाशावर गोल करून अ, ब, क अशी नावं दिली. बाकी काठावर नकाशातल्या समोच्च रेषा इतक्या चिकटलेल्या, म्हणजे चढ इतका उभा होता की उतरायला पाऊल ठेवण्यापुरतीही जागा नव्हती.

या सगळ्याचा एक कागद ऑफिसमधल्या सहकाऱ्याकडे. माणसं सात, कायाक सात, रंग, मार्ग, थांबे, गाडीचा नंबर. आणि शेवटी ठळक अक्षरांत: दुपारी चारपर्यंत फोन आला नाही तर बचाव पथकाला कळवायचं.

प्रत्यक्षात काय झालं? रस्त्यात दरड आलेली, ती हटेपर्यंत अडीच तास गेले. खिंडीतून जाताना फोनला रेंजच्या दोन काड्या होत्या, आणि मी मागे वळून लोकांना ड्राय बॅगचं, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीचं, तोंड तीनदा गुंडाळून मग बकल लावायचं, हे समजावत होते. फोन केला नाही. पाण्यात उतरलो साडेआठला. तिथेच बेत अर्ध्यावर आणायला हवा होता. पण पाणी आरशासारखं, समोर डोंगर उलटे टांगलेले, आणि पाच जण कधीचे वाट बघत असलेले. मी मोह आवरला नाही, खरं तेच सांगते.

धबधबा पावणेअकराला. फोटो, पुन्हा फोटो. निघालो पावणेबाराला. अर्ध्या तासाने पाण्याचा रंग बदलला. लांबवर आधी एक काळसर पट्टा दिसला, मग तो आमच्याकडे सरकला, मग लाटांच्या माथ्यावर पांढरं दिसू लागलं. हातातल्या वाऱ्याच्या मीटरवर ताशी २७ किलोमीटर, झोताला ३५. वारा दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे गणित तेव्हा खांद्यांना कळतं. वीस मिनिटं जीव तोडून वल्हवल्यावर काठावरचं तेच वाळकं झाड अजून शेजारीच होतं. मी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना ब कडे वळवलं.

ब म्हणजे जुन्या दरडीने बनलेला गोट्यांचा पट्टा, खडकाच्या एका नाकाआड. तिथे वारा जवळजवळ नाही. कोरडे कपडे, थर्मासमधलं गरम पाणी, सगळे ठीक. एक वाजला होता. वारा संध्याकाळी पडणार हे मला माहीत होतं. काळजी वाऱ्याची नव्हतीच. काळजी होती चारची.

माझ्याकडे आपत्कालीन बीकन होता, ४०६ मेगाहर्ट्‌झवर उपग्रहांना हाक देणारा. त्याला एकच वाक्य येतं: वाचवा. "आम्ही बरे आहोत, उशीर होईल" असं सांगायची त्यात सोय नाही. निरोप पाठवता येणारं उपग्रह यंत्र ऑफिसच्या कपाटात होतं, कारण एका दिवसाच्या सहलीला कशाला, असं मीच म्हटलं होतं.

आमच्यातले एक काका, तब्येतीने दणकट, सरळ म्हणाले, "साडेसहाच किलोमीटर राहिलेत. आपल्यामुळे तिकडे धावपळ कशाला? लाज वाटेल हो." खरं तर त्यांनी माझ्याच मनातलं बोललं होतं. मीही मघापासून घड्याळ बघत तेच गणित करत होते: आत्ता निघालो तर, जोडीने ओढत नेलं तर.

तेव्हा मला आमच्या प्रशिक्षणातला धडा आठवला. २२ मार्च १९९३ ला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लाइम बेमध्ये, शाळकरी मुलांचा एक गट कायाक घेऊन समुद्रात गेला. वाऱ्याने त्यांना बाहेर ढकललं, कायाक पाण्याने भरल्या, मुलं थंड पाण्यात राहिली, आणि मदतीची हाक फार उशिरा गेली. चार मुलं वारली. त्यानंतर १९९५ साली तिथे अशा साहसी केंद्रांसाठी कायदाच झाला. काकांना मी एवढंच सांगितलं, "काका, हाक लवकर गेली तर मला बोलणी बसतील. बसू देत."

आम्ही थांबलो. साडेतीननंतर कुणीच फारसं बोललं नाही. चार वाजता सहायकाने माझ्याकडे पाहिलं, मी गोटे मोजत बसले.

पाच वाजून वीस मिनिटांनी मोटरबोटीचा आवाज आला. बोट अ कडे वळली नाही, समोरच्या काठालाही गेली नाही, थेट आमच्या नाकाला वळसा घालून आत आली. पुढे उभ्या माणसाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत माझ्याच कागदाची प्रत होती. त्याने आधी माणसं मोजली, मग कायाक मोजल्या. "सात. आणि वारा साडेबाराला चढला असणार, म्हणून आधी ब." ओरडेल म्हणून मी तयारीत होते. त्याने विचारलं ते फक्त निघायला उशीर झाला तेव्हा चारचे सहा का नाही केले. मी खिंडीचं सांगितलं. तो "हं" म्हणाला. ते "हं" मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

कायाक झाडांना बांधून आम्ही बोटीत बसलो. काका माझ्याशेजारी होते. खडकाच्या नाकाबाहेर येताच पहिली लाट बोटीवर आदळली, सगळे भिजले, आणि त्यांनी माझ्याकडे न बघता लाइफ जॅकेटचा पट्टा आणखी आवळला.

खिंडीत रेंज आली तशी सहकाऱ्याला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"ताई, चार वाजून एक मिनिटाने कळवलं मी," तो म्हणाला. "चारला फोन हातात घेतला होता. पण वाटलं, एक मिनिट बघावं."