दारातली दोन मिनिटं

सकाळी पावणेआठपासून बेल वाजायला लागते. डोंबिवलीतलं माझं पाळणाघर तळमजल्यावर आहे, त्यामुळे बरेच जण रिक्षा थांबवूनच आत येतात. एका हातात पिशवी, कडेवर मूल, नजर घड्याळाकडे. डोंबिवलीहून सुटणारी लोकल चुकली की मागून भरून आलेल्या गाडीत शिरायचं, म्हणजे काय ते इथल्या कुणाला सांगायला नको. म्हणून मी कुणाला दारात अडवून धरत नाही. पण तीन गोष्टी विचारतेच. रात्री झोप झाली का, सकाळी काय खाल्लं, आणि औषध दिलंय का? दिलं असेल तर किती वाजता?

तिसरा प्रश्न पूर्वी मी विचारत नसे. तो एका चुकीनंतर आला, आणि ती चूक माझी होती.

दीड वर्षाची मुलगी. अंगात कणकण होती, पण आईला सुट्टी मिळाली नव्हती. मी आत एकाचं दुपटं बदलत होते, दार मावशींनी उघडलं. आईने त्यांना सांगितलं, सातला पॅरासिटामॉल दिलंय, बाटली पिशवीत आहे. मावशींनी पिशवी खुंटीला लावली, तेवढ्यात दुसरं कुणी रडलं म्हणून त्या तिकडे धावल्या. नऊला मला पोरीचं अंग गरम लागलं. पिशवीत बाटली दिसली, मी पाच एमएल मोजून पाजलं. तेव्हा मावशी म्हणाल्या, "अहो ताई, तिच्या आईने सकाळीच दिलंय की!"

माझ्या पोटात गोळा आला. या औषधाच्या दोन डोसांत निदान चार तास जायला हवेत, मी दोन तासांतच दिलं होतं. शिवाय हे सिरप सारखंच दिसलं तरी एका बाटलीत पाच एमएलला १२० मिलिग्रॅम असतं, दुसरीत २५०. आधी लेबल वाचलं. १२०ची होती. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी वजन विचारलं, दोन्ही वेळचे एमएल विचारले आणि म्हणाले, आता दुपार उलटेपर्यंत काही देऊ नका, लक्ष ठेवा. मग आईला फोन. संध्याकाळी शांतपणे सांगू, असं मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू! पण मूल तिचं. ती अर्धा दिवस टाकून आली. रागावली होती, आणि तिचा राग रास्त होता. मुलगी ठणठणीत राहिली, आणि पुढच्या सोमवारी माझ्याकडेच आली.

त्या रात्री मला वाईट वाटलं ते मावशींचं. दिवसभर मुलांत त्याच असतात. कुणाला दोन दिवस शी झाली नाही, कोण भाताला तोंड लावत नाही, हे माझ्याआधी त्यांना कळतं. पण पालकांशी बोलणं हे 'ताईंचं काम' असं त्यांच्या मनात पक्कं होतं, आणि मीच ते तसं होऊ दिलं होतं. आता दाराशेजारी पाटी टांगली आहे. निरोप ऐकला की हातातलं सोडून आधी पाटीवर. मावशी फार लिहीत नाहीत. मुलाच्या नावापुढे 'औ ७' एवढंच. तेवढं पुरतं. आणि आईबाबांची चिठ्ठी नसेल तर औषधाची बाटली उघडायचीच नाही.

मुलं तर सगळं सांगतच असतात, आपल्याला त्यांचे शब्द माहीत हवेत. पावणेदोन वर्षांचा एक मुलगा आला, घरी तेलुगू. पहिल्या दिवशी तो सारखा "नीळू, नीळू" म्हणून रडत होता. आम्ही त्याला निळा चेंडू दिला, निळी गाडी दिली. त्याने दोन्ही भिरकावलं. संध्याकाळी आई म्हणाली, "नीळ्ळु म्हणजे पाणी." लेकरू दिवसभर पाणी मागत होतं. मधूनमधून आम्ही सगळ्यांना पाजतो त्यात त्याच्याही पोटात गेलं होतं, पण मागितलं तेव्हा मिळालं नाही, हे मला अजून लागतं. तेव्हापासून नवीन मूल आलं की पहिला कागद त्याच्या शब्दांचा: पाणी, भूक, शू, शी, झोप, आणि आजीला काय म्हणतो. बालवाडीच्या कोर्सला आम्हाला शिकवलं होतं, की ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. समजलं त्या मुलामुळे.

पालकांना माझं एक मागणं असतं. मूल खेळात रमलं की गुपचूप सटकू नका. रडलं तरी चालेल, टाटा करून जा, आणि "खाऊन झोपून उठलास की मी येते" असं सांगा. न सांगता गेलेल्या आईचं मूल दिवसभर दाराकडे बघतं.

चावण्याचंही तसंच. या वयात मुलं चावतात. गालावर वळ दिसायच्या आत मीच फोन करते. कोण चावलं ते सांगत नाही, कितीही विचारलं तरी. आणि ज्याने चावलं त्याच्या घरी "तुमचा मुलगा मारकुटा आहे" असं म्हणत नाही. ट्रकवरून ओढाताण झाली, दुपारची झोप झाली नव्हती, जे पाहिलं तेवढंच सांगते. तेही समोरासमोर. ग्रुपवर फक्त सुट्ट्या.

गेल्या गुरुवारी मी आत होते. दारात मावशींचा आवाज आला, "दादा, आज तिने वरणभात सगळा संपवला, पण डावा कान सारखा चोळतेय. ताप नाहीये. रात्री बघा हं." तिच्या बाबांनी खांद्यावरची बॅग खाली ठेवली, बूट काढले आणि विचारलं, "कधीपासून, मावशी?"