दगड धरून तळाशी

पोस्टाच्या काउंटरवर वाटीत ओला स्पंज ठेवलेला असायचा. तिकीट त्यावर टेकवलं की काम झालं. आमच्या पाटीच्या दिवसांत डबीतही त्याचाच एक तुकडा असे, आणि तो असूनही थुंकीनेच पाटी पुसणारे बहाद्दरही असत. स्पंज कारखान्यात होतो असंच आपण धरून चालतो. आताचा होतोही. पण खरा स्पंज म्हणजे समुद्रतळाशी खडकाला चिकटून जगणारा प्राणी, आणि त्याच्या जिवावर एजियन समुद्रातली काही ग्रीक बेटं पिढ्यान्‌पिढ्या जगली. तुर्कस्तानच्या किनाऱ्याला खेटून असलेल्या डोडेकनीज द्वीपसमूहातली सिमी, कालिम्नोस, हाल्की.

बेटं कसली, उघडेबोडके खडकच. शेती नावापुरती. मालक मात्र सतत बदलत राहिले. सेंट जॉनचे सरदार, म्हणजे ख्रिस्ती लढवय्यांचा एक पंथ, गेले, 1522 मध्ये तुर्की सुलतान सुलेमानाने याच समूहातलं मोठं बेट ऱ्होड्स घेतलं, 1912 मध्ये इटली आली, दुसऱ्या महायुद्धात जर्मन, मग थोडे दिवस ब्रिटिश, आणि 1947 च्या तहाने अखेर ग्रीस. तुर्की अमलात सिमी खंडणीसुद्धा स्पंजातच भरायची! मला मात्र या तहांपेक्षा एका दगडात जास्त रस आहे.

स्कांदालोपेत्रा. बारा-चौदा किलोंचा, कडा घासून गुळगुळीत केलेला चपटा दगड, भोक पाडून दोर ओवलेला. गडी उघडाच. दगड दोन्ही हातांनी पुढे धरून होडीवरून सूर मारायचा. दगड खाली नेतो, जरासा तिरपा केला की वळतोही. तळाशी स्पंज काढून जाळीत भरायचे, दोराला हिसका द्यायचा, की वरचा सोबती ओढून घेतो. तीसेक मीटर खोल, एका श्वासात. वर आलेला स्पंज काळाकुट्ट आणि बुळबुळीत. तो पायांनी तुडवून आतला पांढरट चीक काढायचा, समुद्रात पुन्हा पुन्हा धुवायचा. त्या वासाबद्दल न बोललेलं बरं.

1863 च्या सुमारास सिमीत हवेच्या पंपाचा, पितळी शिरस्त्राणाचा पोशाख आला. लोक बिचकले, तेव्हा तो आणणाऱ्याची बायको स्वतःच तो चढवून बंदरात उतरली, असं तिथे सांगतात. मग काय, जो तो खोल जाऊ लागला, तासन्‌तास राहू लागला. सिमीच्या चढावर व्यापाऱ्यांची देखणी घरं उठली. उघड्या गड्याला त्याचा श्वासच वेळेत वर आणायचा; पंपाने ती वेसणच काढून टाकली. दाबाखाली रक्तात मुरलेला नायट्रोजन, माणूस झपकन वर आला की बुडबुडे होऊन बाहेर पडतो. माणसं मरत, नाहीतर कमरेखाली लुळी होत. नव्या यंत्राला दोष द्यायची मला हौस नाही, पण त्याचे नियम शरीरशास्त्राला उमगेपर्यंत विसावं शतक उजाडलं होतं, आणि बाजाराला थांबायला सवड नव्हती.

कालिम्नोसच्या बोटी ईस्टर आटोपला की थेट लिबिया-इजिप्तच्या किनाऱ्यापर्यंत जायच्या, त्या शरदातच परतायच्या. तिथे ‘मिखानिकोस’ नावाचं एक नृत्य आहे. पुढचा नाचणारा काठी टेकत येतो, गुडघे थरथरतात, बाकीचे मात्र ताल सोडत नाहीत. लग्नसमारंभातही नाचतात म्हणे.

पुढे कृत्रिम स्पंज आला, आणि 1986 मध्ये भूमध्य समुद्रातल्या स्पंजांवरच रोग पडला. त्याआधीच बरेच पाणबुडे फ्लोरिडातल्या टार्पन स्प्रिंग्जला पांगले होते. कालिम्नोसच्या दुकानांत आजही स्पंजांच्या राशी असतात. त्यातले कित्येक फ्लोरिडा आणि कॅरिबियनकडून आलेले असतात, पण पर्यटक विचारत नाहीत.