लिनक्सवर चालतो, मॅकवर कोसळतो: माझा अनुभव

जुन्या कागदपत्रांच्या स्कॅनवरचे डाग पुसणारा आमचा सी प्लस प्लसमधला प्रोग्राम लिनक्सवर कित्येक वर्षं बिनतक्रार चालत होता. तो मॅकवर आणायचं काम माझ्याकडे आलं. कंपाइल झाला, छोट्या टेस्टही पास झाल्या. पण अख्खा फोल्डर दिला की लगेच क्रॅश.

एलएलडीबी या डीबगरमध्ये (चुका शोधायच्या साधनात) चालवून पाहिला. एरर 'ईएक्ससी बॅड अ‍ॅक्सेस' (म्हणजे मेमरीत नको तिथे हात लावला), आणि बाण एका फंक्शनच्या अगदी सुरुवातीला. तिथे ना पॉइंटर, ना कुठला हिशोब. पहिल्या ओळीत प्रिंट टाकलं, तर तेही छापलं जाईना. म्हणजे फंक्शनमध्ये शिरता शिरताच प्रोग्राम मरत होता, आणि ही खूण फार मोलाची निघाली. दुसरी खूण अशी की एकच पान दिलं तर ते मुख्य थ्रेडवर (थ्रेड म्हणजे प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक धागा) सुरळीत साफ व्हायचं. अनेक पानं वेगवेगळ्या थ्रेडवर गेली की कोसळायचं. कोड तोच, पानही तेच. फरक फक्त थ्रेडचा, म्हणून मी स्टॅककडे वळलो, म्हणजे फंक्शनचे लोकल व्हेरिएबल जिथे राहतात त्या, प्रत्येक थ्रेडला वेगळ्या मिळणाऱ्या मेमरीकडे.

त्या फंक्शनमध्ये १०२४ × १०२४ बाइट्सचा लोकल अ‍ॅरे होता. स्टॅकवर थेट १ एमबी! लिनक्सवर नव्या थ्रेडला सहसा ८ एमबी स्टॅक मिळतो, त्यामुळे तिथे हे कधी जाणवलंच नाही. मॅकवर मुख्य थ्रेडला ८ एमबी मिळत असला, तरी बाकीच्या थ्रेडना डिफॉल्ट ५१२ केबीच. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावल्यावर त्यानेही स्टॅक ओव्हरफ्लोच (स्टॅक अपुरा पडणं) दाखवला.

थ्रेडचा स्टॅक वाढवता आला असता, पण स्टँडर्ड लायब्ररीच्या थ्रेडमध्ये तशी सोय नाही, त्यासाठी पीथ्रेड ही सिस्टिमची थ्रेड लायब्ररी थेट वापरावी लागते. आणि माझ्या मते तो इलाजच नव्हे. विंडोजवर डिफॉल्ट १ एमबी, अल्पाइन लिनक्सच्या मसल लायब्ररीत तर जेमतेम १२८ केबी. प्रत्येक ठिकाणी किती आकडे सांभाळणार? मी अ‍ॅरेच्या जागी व्हेक्टर घेतला, डेटा हीपवर, म्हणजे स्टॅकबाहेरच्या मोठ्या मेमरीत, गेला आणि क्रॅश थांबला.

मग एखाद्या फंक्शनची स्टॅक फ्रेम (त्याने स्टॅकवर घेतलेली जागा) ६४ केबीच्या वर गेली की वॉर्निंग येईल, असा पर्याय कंपायलरला दिला. आणखी काही फंक्शन्स त्यात सापडली. एक मात्र निसटलं: डागाची व्याप्ती शोधणारं रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारं, फंक्शन. त्याची फ्रेम इवलीशी, पण पानभर पसरलेला डाग आला की एका पिक्सेलवरून शेजारच्या पिक्सेलवर जात ते हजारो पायऱ्या खोल उतरायचं, आणि दर पायरीला स्टॅकवर आणखी एक फ्रेम चढायची. तिथलं रिकर्सन काढलं. आता तपासायच्या पिक्सेलची यादी हीपवर असते आणि लूप ती संपेपर्यंत फिरतो.