उघाडी, निळी रेषा आणि सातबारा

आमच्या ठाण्यातल्या कार्यालयात कालनिर्णयच्या शेजारी भरती-ओहोटीचा तक्ता टांगलेला असतो. पण पावसाळ्यात माझी नजर तक्त्याआधी कालनिर्णयकडे जाते. खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब सोपा आहे. तिथीला तीनने गुणायचे, चारने भागायचे आणि जे उत्तर येईल तितक्या वाजता पूर्ण भरती समजायची. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. प्रत्यक्षात थोडे मागेपुढे होते, पण त्यामुळे एक गोष्ट पक्की कळते, ती अशी की आपल्याकडे उधाणाची मोठी भरती नेहमी दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या आसपासच येते. म्हणून आषाढातल्या अमावास्येला सकाळी दहा वाजता ढग दाटून आले, की माझ्या पोटात गोळा उठतो. तेच ढग अष्टमीला, भांगाच्या म्हणजे लहान भरतीच्या दिवशी आले, तर मी चहा संपवून मग फोन हातात घेते.

एका निसर्ग-संवर्धन संस्थेत पूरमैदानांचे पुनरुज्जीवन आणि पूरधोरण हा विभाग मी सांभाळते. काही वर्षांपूर्वी एका लग्नात मावशीने विचारले, तेव्हा मी ‘पाण्याला थांबायला जागा शोधते’ असे सांगितले. त्यावर तिने ‘म्हणजे नालेसफाईच ना?’ असे म्हणून विषय संपवला होता. तिचे फारसे चुकले नव्हते, कारण आपल्याकडे पुरावरचा सगळा विचार अजूनही निचऱ्याच्या भाषेत चालतो. नाला रुंद करा, गाळ काढा, पंप बसवा, पाणी पुढे घालवा. उधाणाची भरती असते तेव्हा मात्र ‘पुढे’ म्हणजे खाडी, आणि खाडी त्या वेळी शहराच्या नाल्यांपेक्षा उंच असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, हे सर्वांना पाठ आहे. त्याच दुपारी चारच्या सुमारास साडेचार मीटरच्या आसपास भरती होती, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिले आहे.

नवी मुंबई आखणाऱ्यांनी ही अडचण आधीच ओळखली होती. सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली आणि खाडीलगतच्या ज्या सखल जमिनीवर पुढे शहर उभे राहिले, तिच्यासाठी ‘डच पद्धती’चे धारण तलाव आखण्यात आले. खाडीच्या तोंडाशी बांध आणि त्यात बाहेरच्या बाजूला उघडणाऱ्या झडपा, अशी ही रचना असते. भरती आली की खाडीच्या दाबानेच झडप बंद होते आणि शहराचे पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त होतो, झडप उघडते आणि तलाव रिकामा होतो. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. मला ही रचना आजही मनापासून आवडते. मात्र तिला डच म्हणावे का, याविषयी माझे वेगळे मत आहे, आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे.

या तलावांचे गणित कोणालाही वहीत मांडता येईल. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर पाणी. समजा, दोन चौरस किलोमीटरच्या वस्तीचे पाणी एका तलावात येते आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडतो. सगळीकडे डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक असल्यामुळे जवळपास सगळेच पाणी वाहते असे धरले, तर ते एक लाख घनमीटर होते. दहा हेक्टरांच्या तलावात एक मीटर खोली रिकामी असेल, तर तेवढे पाणी मावते. म्हणजे तलाव तासभर पुरतो. त्यात ६० सेंटिमीटर गाळ साचला असेल, तर तोच तलाव चोवीस मिनिटांत भरतो, आणि मोठ्या भरतीत झडपा तीन-चार तास बंद राहू शकतात. उरलेल्या वेळात पाणी कुठे थांबते, हे तळमजल्यावर राहणाऱ्यांना विचारावे.

गाळ मग काढत का नाहीत, असा प्रश्न इथे येतोच. गाळ आला तशी त्या गाळात कांदळवने वाढली. मुंबई उच्च न्यायालयाने आधी २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि पुढे १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली, भोवतालचा ५० मीटरचा पट्टा राखून ठेवला आणि सार्वजनिक हिताच्या कामासाठीही न्यायालयाच्या परवानगीची अट घातली. हा निकाल झाला नसता, तर ठाणे खाडीचे आज काय उरले असते, याची कल्पना करवत नाही. तरीही तलावांच्या प्रश्नावर आमच्याच क्षेत्रातले लोक दोन टोकांना जाऊन बसतात, असा माझा अनुभव आहे. एका बाजूला ‘सगळे साफ करा’ म्हणणारे, तर दुसऱ्या बाजूला कांदळवनातल्या एकाही तिवराच्या झाडाला हात लावू न देणारे. माझी भूमिका दोघांनाही पटत नाही. झडपेसमोरची आणि मुख्य प्रवाहाची वाट मोजून, परवानगी घेऊन मोकळी करावी, कडेचे तिवर ठेवावे, आणि जी साठवणक्षमता त्यामुळे कायमची गेली तेवढी जागा वरच्या अंगाला, मैदानांत आणि बागांत शोधावी, असे मी प्रत्येक बैठकीत सांगते. सर्वांना मान्य होतो तो शेवटचा भाग. अडते ते जागा ठरवताना.

(जाता जाता एक तक्रार. चिखलाच्या उघड्या पट्ट्यात ओळीने तिवराची रोपे लावून फोटो काढण्याचा उपक्रम कृपया थांबवावा. २०१५ मध्ये अभयारण्य झालेल्या आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेल्या या खाडीत रोहित (फ्लेमिंगो) येतात ते त्या उघड्या चिखलासाठीच. तुंबलेली मोरी मोकळी केली, राडारोडा उचलला आणि भरतीचे पाणी पूर्वीच्या वाटेने आत येऊ दिले, की जिथे तिवर यायला हवा तिथे तो आपण होऊन येतो.)

माझ्या एका चुकीबद्दल इथे लिहायलाच हवे, कारण ती चूक दुसऱ्यांकडूनही होताना मी पाहिली आहे. या कामात आल्यानंतर पहिल्याच वर्षी आम्ही खाडीकाठच्या एका गावाचा पूरनकाशा तयार केला. तक्त्यात ४.८ मीटरची भरती होती, जमिनीच्या पातळ्या सर्वेक्षणातून घेतल्या होत्या, आणि नकाशात ३ मीटर पातळीवरचा गावातला मुख्य रस्ता जवळपास दोन मीटर पाण्याखाली दिसत होता. मी तो नकाशा मोठ्या आत्मविश्वासाने ग्रामस्थांच्या बैठकीत लावला. मागच्या रांगेतल्या एका निवृत्त अभियंत्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि बैठक संपल्यावर मला बाजूला बोलावून विचारले, “ताई, तुमची भरती कुठल्या शून्यापासून मोजली आहे?” भरतीच्या तक्त्याचा शून्य हा समुद्राच्या अगदी नीचतम ओहोटीजवळचा असतो, तर जमिनीच्या पातळ्या समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजतात, मुंबईत या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरांचे अंतर आहे. म्हणजे माझी ४.८ मीटरची भरती जमिनीच्या मापात २.३ मीटर होती, आणि जो रस्ता मी बुडवला होता तो सत्तर सेंटिमीटर कोरडा होता. शिवाय मुंबईच्या जुन्या गटारांच्या आराखड्यांत ‘टाऊन हॉल डेटम’ नावाचा तिसराच शून्य असतो. तेव्हापासून आमच्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात सर्वांत आधी शून्य कोणता ते लिहिले जाते. त्या गावात मात्र माझी ओळख अजूनही ‘गाव बुडवणाऱ्या मॅडम’ अशीच आहे.

खाडीपासून वर गेले, की भरतीचे गणित मागे पडते आणि नदीचे सुरू होते. राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरांतून निघणारी उल्हास कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत कल्याणला खाडीत उतरते. बदलापूरच्या बंधाऱ्यावर इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. त्या दिवसाच्या बातम्यांत नदीने ‘पात्र सोडले’ असे लिहून आले. मला तो शब्दप्रयोग खटकतो. दोन्ही काठांवरची सपाट शेते नदीनेच गाळ पसरून तयार केली आहेत. मोठ्या पुरात ती तिथे जाते तेव्हा आपल्याच अंगणात जाते.

कायद्याने हे अंगण मान्य केले आहे. जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आतला भाग निषिद्ध, म्हणजे तिथे शेती, बाग, मैदान एवढेच. दोन रेषांमधला भाग नियंत्रित. वास्तविक या दोन रेषांच्या जोरावर बरेच काही करता येते, पण ‘नियंत्रित’ या शब्दातच सगळी पळवाट आहे. एका भूखंडावर दोन मीटर भराव घातला, की तो भूखंड कोरडा राहतो आणि त्याच्या वाट्याचे पाणी समोरच्या काठावर किंवा वरच्या शेतात चढते. एकट्या भरावाचा परिणाम मोजला तर तो दोन-तीन सेंटिमीटरच निघतो आणि परवानगी मिळते. असे चाळीस भराव झाले म्हणजे काय होईल, हे कोणत्याही एका फायलीत मोजले जात नाही. नद्यांकाठच्या उद्योगांवर अंतराची बंधने घालणारे नदी नियमन क्षेत्र धोरणही राज्याने २०१५ मध्ये रद्द केले. त्यामुळे माझ्या कामाचा मोठा भाग हा विकास आराखड्यांवर हरकती आणि सूचना लिहिण्यात जातो, आणि त्यात एकेका गट क्रमांकाचा नकाशा जोडावा लागतो, कारण ‘नदीचे संवर्धन व्हावे’ अशा मोघम हरकतीचे सुनावणीत दोन मिनिटांत विसर्जन होते.

आता त्या डच पद्धतीविषयी. ठाणे-रायगडच्या खाडीकाठाने सिडकोच्या फार आधीपासून खारबंदिस्ती आहे. खारे पाणी अडवणारा मातीचा बांध, त्याला उघाडी म्हणजे पाणी बाहेर जाण्याची वाट, आणि उघाडीला भरतीत मिटणारी झडप. आत खाऱ्या जमिनीत तग धरणारा काळा रता, भुरा रता हा भात. आषाढ-श्रावणात भरतीमुळे उघाडी मिटली, की डोंगराकडून आणि गावाकडून येणारे गोडे पाणी या खाचरांतच थांबते आणि ओहोटीला निघून जाते. म्हणजे हे धारण तलावच, फक्त त्यात भात पिकतो आणि त्याचा देखभालखर्च शेतकरी सोसतो. पुढे शेती परवडेनाशी झाली, मजूर मिळेना, बांधाला पडलेल्या खांडी कोणी बुजवल्या नाहीत, आणि अनेक ठिकाणी भराव घालून तो तलाव बुजला किंवा खारे पाणी आत शिरून त्याचे कांदळवन झाले.

डचांनी स्वतः १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर, ज्यांतल्या दुसऱ्या वेळी सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली होती, आपले धोरण बदलले आणि बांध उंच करत बसण्यापेक्षा ‘नदीला जागा’ देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. ओव्हरडीपसे पोल्डर नावाच्या ठिकाणी बांध खाली करून मोठा पूर शेतांत घ्यायचे ठरले, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीच उंचवटे बांधून त्यांवर घरे आणि गोठे नेण्याची योजना मांडली. मला त्यातल्या अभियांत्रिकीपेक्षा करार महत्त्वाचा वाटतो. पाणी धरून ठेवणे ही सेवा आहे आणि तिचे मोल जमीनमालकाला मिळाले पाहिजे, ही आमच्या संस्थेची मुख्य मागणी आहे. सार्वजनिक आरक्षणासाठी जमीन देणाऱ्याला टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळतो. पाणी अडवून खालच्या शहराला वाचवणाऱ्या खाचराला काहीच मिळत नाही, म्हणून ते खाचर विकले जाते. एका बैठकीत मी हे मांडल्यावर समोरच्या अधिकाऱ्यांनी विचारले, “मॅडम, पाण्याचे भाडे कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवायचे?” सगळे हसले, मीही हसले, पण प्रश्न रास्त होता, आणि सध्या आम्ही अक्षरशः त्याच्यावरच काम करत आहोत.

गेल्या महिन्यात त्यासाठी एका उघाडीवर गेले होते. तिची राखण करणारे काका सत्तरीच्या पुढचे आहेत. ओहोटी लागून तास झाला तरी झडप उघडली नव्हती, म्हणून ते पहार घेऊन खाली उतरले आणि बिजागरीत अडकलेला थर्माकोलचा तुकडा आणि दोन प्लॅस्टिकच्या बाटल्या काढल्या. झडप हलली, पाणी तांबूस फेस काढत खाडीकडे धावले आणि चिखलावरच्या निवट्या उड्या मारत बाजूला झाल्या. वर आल्यावर त्यांनी उघाडीच्या दगडी भिंतीवरची तेल-रंगाची एक फिकट रेघ दाखवली. ती २००५ च्या पुराची. मी आमच्या योजनेविषयी सांगितले, दर गुंठ्याचा दर सांगितला, पिकाच्या नुकसानीचा भाग सांगितला. त्यांनी दराविषयी काहीच विचारले नाही.

“वर्षातून किती दिवस पाणी ठेवणार, तेवढे लिहून द्या,” ते म्हणाले. “आणि सातबाऱ्यावर पीक भातच राहील, हेही.”

मी सांगितले की साधारण पाच-सहा दिवस, आणि तेही दरवर्षी नाही.

“साधारण नको. लिहून द्या.”

मसुद्यात त्या रकान्यात अजून आकडा नाही. तो ठरवण्यासाठी त्यांच्या रेघेची पातळी आधी मोजावी लागेल, म्हणजे ती सरासरी समुद्रपातळीपासून किती उंच आहे ते कळेल, आणि तिच्या शेजारी भिंतीवर पातळीची पट्टी बसवावी लागेल. येत्या अमावास्येला पूर्ण ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास आहे. लेव्हल यंत्र सांगून ठेवले आहे. काकांनी पहार आणायला सांगितली आहे, कारण त्यांची वाकली आहे.