कशिश २०२३: सिनेमे झकास, लॉज आधी पक्कं करा

कशिश म्हणजे समलिंगी आणि ट्रान्स माणसांच्या गोष्टी सांगणाऱ्या सिनेमांचा मुंबईतला महोत्सव. "काय अवघड आहे त्यात? महालक्ष्मी एक्सप्रेसनं उतरायचं, लिबर्टी थिएटरच्या आसपास कुठलंही लॉज गाठायचं आणि पाच दिवस सिनेमे बघायचे." असं ज्यानं मला सांगितलं, तो परत भेटला तर त्याला चहासुद्धा पाजणार नाही. तो दरवर्षी एकटा जातो आणि त्याच्या आधार कार्डाकडं कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

आम्ही दोघं सांगलीचे, मी आणि माझी मैत्रीण. ती ट्रान्स बाई आहे, म्हणजे जन्माच्या वेळी पुरुष अशी नोंद झालेली बाई. हे तिला विचारून लिहितोय, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं.

महोत्सव होता ७ ते ११ जून २०२३, बुधवार ते रविवार. लिबर्टी आणि आलियान्स फ्रान्सेज हे फ्रेंच सांस्कृतिक केंद्र अशा दोन जागा, दोन्ही मरीन लाइन्सला, एकमेकींपासून चालत जाण्यासारख्या. महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी साडेसातच्या आसपास सीएसएमटीला सोडते. तिथून पिशव्या घेऊन टॅक्सीकडं जाऊ नका. आम्ही गेलो. एक म्हणाला दोनशे, दुसरा म्हणाला अडीचशे, मीटर टाका म्हटल्यावर दोघांनीही माना फिरवल्या. मीटरचं कमीत कमी भाडं तेव्हा, २०२३ मध्ये, २८ रुपये होतं आणि हे अंतर त्याच्या फार पुढं जात नाही. सबवेतून पलीकडं निघा, महापालिका मार्गानं कामा हॉस्पिटल, झेविअर्स करत मेट्रो सिनेमापर्यंत सरळ चाला, तिथून डावीकडं बॉम्बे हॉस्पिटलच्या दिशेला वळा. वीस मिनिटांचं काम. रिक्षा शोधू नका, दक्षिण मुंबईत रिक्षा नसते. सांगलीकोल्हापूरची माणसं दरवेळी हे विसरतात.

आता लॉज. ऑनलाइन बुक केलेलं, एक खोली, दोन माणसं, १,६०० रुपये. काउंटरवर जाड रजिस्टर, त्याला दोऱ्यानं बांधलेलं पेन. नाव, वय, कुठून आलात, कुठं जाणार, कशासाठी आलात. मी 'सिनेमा' लिहिलं. मॅनेजर म्हणाला, "सिनेमासाठी सांगलीहून?" मग मैत्रिणीचं आधार घेतलं. त्यावर जुनं नाव, लिंग पुरुष. समोर कुर्ता घातलेली, केस बांधलेली बाई.

"हे तुमचं नाही."

"माझंच आहे. नाव बदलायचं राहिलंय." तिनं पर्समधून दुसरं कार्ड काढलं. २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतं ते ओळखपत्र, नवीन नावाचं. घरात कुणाला कळू न देता अर्ज करून मिळवलेलं. त्यानं ते उलटंपालटं केलं आणि काउंटरवर सरकवलं. "हे कसलं कार्ड? असलं चालत नाही. आधारवर आहे तेच लिहिणार."

रजिस्टरमध्ये त्यानं तिचं जुनं नाव लिहिलं, पुढं 'पुरुष'. बरं, लिही बाबा. झोप हवी होती. किल्लीसाठी हात पुढं केला तर म्हणतो, "एका खोलीत नाही देता येणार. लेडीज-जेंट्सला मॅरेज सर्टिफिकेट लागतं."

मी म्हणालो, "आत्ताच पुरुष लिहिलंत ना?"

"ते कागदाचं झालं हो."

म्हणजे रजिस्टरमध्ये पुरुष, खोलीच्या नियमात बाई. दोन खोल्यांचे ३,२०० घेतले. दोन अनोळखी पुरुष आले असते तर त्यानं मान वर करून बघितलंही नसतं. भांडलो नाही, रात्रभराच्या प्रवासानंतर भांडायला अंगात काही उरलं नव्हतं. ते चुकलंच. बुकिंग ज्यावरून केलं तिथं लगेच, त्याच्यासमोर फोन लावायला हवा होता.

तेव्हा तुमच्यासाठी: आधारवरचं नाव आणि चेहरा जुळत नसेल तर ऑनलाइन बुकिंगवर काडीचा विश्वास ठेवू नका. आधी फोन करा, सरळ विचारा, जो 'या तर खरं, बघू' म्हणेल तिथं जाऊ नका. जिल्हाधिकाऱ्यांचं कार्ड मिळालं असेल तर त्यावरून आधार बदलून घ्या आणि मगच प्रवासाला निघा, कारण काउंटरवरच्या माणसाला आधारशिवाय काही दिसत नाही. आम्ही दुसऱ्या दिवसापासून डोंबिवलीला मावसबहिणीकडं राहिलो. रोज जाऊनयेऊन अडीच-तीन तास मोडले, पण तिथं रजिस्टर नव्हतं. डोंबिवलीकरांनी रात्री साडेअकराच्या आत सीएसएमटी गाठायचं असं ठरवून ठेवा. सिनेमानंतर दिग्दर्शकांशी गप्पा रंगतात आणि छापलेल्या वेळा कोलमडतात.

बाकीचं उरकतो. लिबर्टी १९४९ चं, एकपडदा, आर्ट डेको, एवढ्या मोठ्या पडद्यावर आपली गोष्ट बघायची म्हणजे पहिल्या दिवशी नुसतं छताकडं बघण्यातच वेळ जातो. एसी मात्र जीवघेणा. बाहेर जूनचा घाम, पावसाचा पत्ता नाही, आत माघातली थंडी. शाल न्या, मी तीन दिवस शिंकत होतो. सिनेमे सेन्सॉरशिवाय दाखवतात, त्यामुळं अठरा वर्षं पूर्ण हवीत, वयाचा पुरावा जवळ ठेवा. लघुपट एकापाठोपाठ एक लावतात, पंधरा मिनिटं उशीर म्हणजे एक सिनेमा गेला. खायला धोबीतलावला कयानी हे इराणी हॉटेल, बन-मस्का आणि चहा. चार दिवस आमचं दुपारचं जेवण तेच.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती. उद्घाटनाच्या संध्याकाळी दारातच कॅमेरे. ज्यांच्या घरी माहीत नाही त्यांनी तासभर आधी आत जाऊन बसावं, किंवा सरळ दुसऱ्या दिवशीपासून यावं. मैत्रीण ओढणी तोंडावर घेऊन खांबामागं उभी होती आणि मी तिच्यापुढं भिंत. ओळखीतल्यांनासुद्धा विचारल्याशिवाय फोटो टाकू नका, सांगलीत बातमी पोचायला पेपर लागत नाही.

रांगेत सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, समलिंगी लग्नाच्या खटल्याचा सुप्रीम कोर्टानं तेव्हा राखून ठेवलेला निकाल. सुनावणी ११ मेला संपली होती, तेव्हापासून सगळेच वकील झाले होते. मी मात्र प्रत्येकाला मॅरेज सर्टिफिकेट मागणाऱ्या मॅनेजरची गोष्ट सांगत सुटलो होतो. बारा-पंधरा जणांना तरी सांगितली असेल. त्यातल्या तिघांनी आपापल्या लॉजची सांगितली.

शनिवारी सकाळी मोकळे होतो म्हणून गवालिया टँक ते गिरगाव चौपाटी चाललो. १६ ऑगस्ट २००८ ला मुंबईचा पहिला प्राइड मोर्चा, म्हणजे समलिंगी आणि ट्रान्स लोकांचा हक्कांसाठीचा मोर्चा, याच वाटेनं निघाला होता. मी तेव्हा बारावीत, सांगलीत, मोर्चा म्हणजे ऊसदराचा एवढंच माहीत. पुण्याच्या मोर्चाला संभाजी बागेतून निघून चाललोय मी, त्यामानानं हे अंतर किरकोळ. समुद्र वादळाच्या बातम्यांनी खवळलेला. चौपाटीवर मैत्रिणीनं ओढणी गळ्यात टाकली आणि भेळवाल्यानं "ताई, तिखट किती?" विचारलं. तिनं दोन भेळ घेतल्या, दोन्ही तिनंच खाल्ल्या.

परतीचं तिकीट रविवारचं काढू नका. महालक्ष्मी रात्री साडेआठच्या सुमारास सुटते आणि समारोप संध्याकाळी असतो. बक्षिसं चालू असताना आम्ही अंधारात लोकांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर पडलो आणि पिशव्या घेऊन मेट्रोपासून पळत सुटलो. घामाघूम होऊन डब्यात चढलो तर गाडी सुटायला अजून वीस मिनिटं होती.