जित्ता हाईस व्हय रे!

आज अण्णांना घेऊन आठवडी बाजारात गेलो. कोरोनानंतर त्यांनी बाजार टाकलाच होता. "गर्दीत नगं," एवढंच म्हणायचे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ६५ वर्षांवरच्यांनी घरातच राहावं, असं सरकारने सांगितलं. जिवासाठी ते बरोबरच होतं. पण म्हाताऱ्या माणसाचा दिवस असतो तरी केवढा? सकाळी मारुतीचं दर्शन, पारावर पेपर, चिमूटभर तंबाखू, संध्याकाळी हरिपाठ. सगळंच बंद. देवळं उघडली ती थेट १६ नोव्हेंबरला, पाडव्याला. त्या आषाढीला पैठणहून नाथांची पालखी एसटीने पंढरपूरला गेली. टीव्हीवर ते बघून अण्णा ताटावरून उठले.

पुढे झोप उडाली, भूक गेली, बोलणं तुटलं. लोक म्हणायचे, वय झालं. डॉक्टरांनी मात्र सरळ सांगितलं, ही उदासी आहे, माणसांत न्या. (गोळ्या दिल्या, त्या वेगळ्याच.) लस झाली, मास्क गेले, पण अण्णा ओसरीवरच. पारावरची निम्मी मंडळी दुसऱ्या लाटेत गेली होती, जायचं तरी कुणाकडे?

आज ज्वारीच्या ढिगाशी एक जुने सोबती भेटले. अण्णांचा दंड धरून म्हणाले, "जित्ता हाईस व्हय रे!" दोघं खदखदून हसले, मग बराच वेळ गेलेल्यांची नावं घेत बसले. मी पिशवी धरून उभा.

येताना अण्णांनी मेथीवाल्या मावशींशी जुडीच्या भावावरून कडाक्याचं भांडण केलं आणि मला बजावलं, "फुडल्या बाजारी लवकर निघायचं. उन्हात भाजी सुकती."